‘हवा खेळती करून देतो’ म्हणाला आणि शेगडीला जस्ताची जाळी बसवली

पावसाळ्यात कणसं, हिवाळ्यात भरताची वांगी आणि रविवारी थोडं चिकन, असा आमचा वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी रस्त्याकडेला संध्याकाळचा धंदा आहे. त्यासाठी घडीची, पेटीसारखी छोटी कोळशाची शेगडी घेतली. या शेगड्यांचं दुखणं वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कोळसा थेट तळाच्या पत्र्यावर बसतो, राख तिथंच साचते आणि थोड्या वेळात निखारे मलूल पडतात. मग पुठ्ठ्यानं वारा घालत बसा. आमच्या तालुक्याच्या बाजाराजवळ एक फॅब्रिकेशनवाला यावर इलाज करून देतो. हुरड्याच्या हंगामात लोक अशाच शेगड्या घेऊन त्याच्यासारख्यांकडे जातील, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

“भाऊ, याले खालून हवाच नाही. एसएस ३०४ ची जाळी टाकतो, भोकं पाडतो, राखेचा ट्रे देतो. मंग पाह्याचं काम नाही,” असं म्हणून त्यानं २,८०० रुपये सांगितले. एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचा एक चांगला प्रकार. जाळीचा एक तुकडा हातात दिला आणि त्यावर चुंबक ठेवून दाखवलं. चुंबक घसरून पडलं, कारण ३०४ ला ते सहसा चिकटत नाही. तो तुकडा खरोखर चांगल्या स्टीलचाच असावा, पण माझ्या शेगडीत तो गेलाच नाही. काम झाल्यावर शेगडी हातात आली ती आतून-बाहेरून काळ्या रंगात रंगवून. रंग ‘हीटप्रूफ’ असल्याचं सांगितलं. नव्या जाळीला चुंबक लावलं तर टच्चकन चिकटलं. त्यावर उत्तर तयार होतं, “वेल्डिंगनं पकडते भाऊ.” यात अर्धं खरं असल्यानंच माणूस गप्प बसतो. ३०४ स्टील वाकवलं किंवा वेल्ड केलं तर त्या जागी चुंबकाला थोडी ओढ लागू शकते. पण मधल्या सरळ तारांवर जोरात चिकटलं तर ते ३०४ नव्हे. उलट चुंबक चिकटलं नाही म्हणून ३०४ असेलच, असंही नाही. २०२ सारखं स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही.

पहिल्यांदा भरपूर कोळसा पेटवला तेव्हा रंग जळाला आणि त्याखालून जाळीचं खरं रूप बाहेर आलं. तारांवरून दाट पांढरा धूर निघू लागला. तापलेल्या तारांवर पिवळट थर दिसत होता, आणि शेगडी निवल्यावर तोच थर पांढऱ्याशुभ्र भुकटीसारखा झाला. ही जस्ताच्या ऑक्साइडची खूण आहे. ते गरम असताना पिवळं आणि थंड झाल्यावर पांढरं दिसतं. जाळी जीआयची होती, म्हणजे साध्या लोखंडी तारेवर जस्ताचा मुलामा. जस्त साधारण ४२० अंश सेल्सिअसला वितळतं, ९०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि हवा मिळालेला निखारा त्याच्याही पुढं जाऊ शकतो. तो धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंग करणाऱ्यांना हा ताप चांगला ओळखीचा आहे. त्या संध्याकाळी शेगडीवरचं सगळं चिकन आम्ही फेकून दिलं. शेजारी लहान पोरं कणसं घ्यायला उभी होती. ते आठवलं की मला आजही संताप येतो. खाणं भाजायच्या शेगडीत जाणारी वस्तू आहे हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

भोकांचंही तेच. वरच्या कडेला, निखाऱ्यांच्या वर, रांगेनं भोकं पाडली होती. दिसायला छान. पण गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी गार हवा खालून ओढली जाते. ती निखाऱ्यांच्या बुडातून यायला हवी. म्हणजे कोळसा तळापासून दोन-तीन बोटं उंच जाळीवर हवा, भोकं त्या जाळीच्या खाली हवीत आणि राख पडायला मोकळी जागा हवी. झाकण असेल तर धुराचं भोक हवा आत येण्याच्या जागेच्या समोरच्या बाजूला, म्हणजे हवा निखाऱ्यांवरून आडवी फिरते. वरच्या भोकांनी आमच्याकडं एकच झालं. वारा आला की ठिणग्या बाहेर उडायच्या. पाठीमागं पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा ढीग, पलीकडं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा. एप्रिल-मेच्या वाऱ्यात हे काय करेल, ते शेतकऱ्याला सांगायची गरज नाही.

परत गेलो तर “वापरलेला माल वापस घेत नाही,” असं उत्तर मिळालं. बिलाच्या नावानं एक कच्ची चिठ्ठी होती, तिच्यावर फक्त ‘शेगडी काम’ आणि रक्कम. पैसे मात्र मोबाइलवरून दिले होते आणि बोलणं व्हॉट्सॲपवर झालं होतं. त्यात त्यानं स्वतः ‘३०४’ लिहिलेलं होतं. जळालेल्या जाळीचे फोटो काढले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. कोणीतरी म्हणालं, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. हे अर्धवट आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, फक्त स्वतःच्या हातानं पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोजत नाहीत. हातगाडीवाला, टपरीवाला यात बसतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

तक्रारीचा निरोप गेल्यावर जाळीचे १,२०० रुपये परत आले, ‘मजुरी’ म्हणून बाकीचे त्यानं ठेवले. ते १,६०० मी सोडलेले नाहीत. आयोगासाठी अर्ज लिहून झाला आहे, चिठ्ठी, फोटो आणि जाळीचा तुकडा सोबत जोडतोय. शेगडीची वरची भोकं एका ओळखीच्या वेल्डरकडून साध्या, मुलामा नसलेल्या लोखंडी पट्टीनं बुजवून घेतली, खाली नवी पाडली आणि कोळशाखाली जाड सळ्यांची उंच जाळी ठेवली. कोणी अशी शेगडी करून घेत असेल तर बिलावर स्टीलचा नंबर लिहून घ्या, रंग मारायच्या आधी जाळी बघा, आणि पहिला कोळसा त्याच्याच दुकानापुढं, मोकळ्या हवेत, धूर अंगावर येणार नाही असा वारा पाठीशी घेऊन उभं राहून पेटवायला लावा.