जॉब साइटचा पेड प्लॅन: ५ पैकी २ स्टार, ते पण एका टूलसाठी

नाव लिहीत नाही, सगळ्याच मोठ्या जॉब साइट साधारण हेच विकतात. प्रोफाइल लिस्टमध्ये वर, रिक्रूटरला डायरेक्ट मेसेज, एक्स्पर्टकडून रेझ्युमे आणि प्रत्येक जागेला मॅच स्कोअर, म्हणजे आपलं प्रोफाइल त्या जागेशी किती टक्के जुळतं ते. डिग्री आहे, अनुभव आहे, तरी कॉल येत नाही अशांसाठीच हा प्लॅन म्हणे, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच.

आधी रेझ्युमे सर्व्हिस. दिसायला एक नंबर, दोन कॉलम, आयकॉन, स्किलसमोर रंगीत पट्ट्या. पण बऱ्याच कंपन्यांकडे येणारे अर्ज आधी एटीएस, म्हणजे अर्ज गोळा करून चाळणारं सॉफ्टवेअर वाचतं आणि त्यातल्या बऱ्याच सिस्टिमना कॉलम आणि टेबल नीट वाचता येत नाहीत, डावीकडची तारीख उजवीकडच्या कंपनीला चिकटते आणि रंगीत पट्टीतून तर काहीच कळत नाही. फाइलमधलं सगळं कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, तिथे खिचडी दिसली तर मशीनलाही बहुतेक तीच दिसणार. एक्स्पर्टला हे सांगितल्यावर उत्तर आलं की डिझाइन मॉडर्न आहे. बरं. वर 'डायनॅमिक' आणि 'रिझल्ट ओरिएंटेड' फुकट टाकून दिलं, केलेल्या कामाची एक ओळ मात्र गायब.

आता मॅच स्कोअर. नव्वदच्या वर दाखवतो, खूश होऊन अप्लाय करा आणि काही वेळात नकाराचा ऑटोमॅटिक मेल, इतक्या लवकर की कोणी माणसाने उघडून वाचलं असेल असं वाटत नाही. कारण स्कोअर लावते साइट आणि चाळणी लावते कंपनी, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. फॉर्ममध्ये अनुभव किती वर्षं विचारतात, साडेचार असेल तर ड्रॉपडाउनमध्ये ४ निवडावं लागतं, अट ५ ची असली की तिथेच बाहेर, मग बाकी कितीही येत असो. नोकरीत पडलेल्या गॅपचंही तसंच. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि अॅक्सेंचरचा २०२१ चा रिपोर्ट आहे, त्यात ८८ टक्के कंपन्यांनी स्वतःच मान्य केलंय की जाहिरातीतल्या अटींशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून चांगले स्किल असलेले लायक लोक गळतात, आणि निम्म्याच्या आसपास कंपन्या सहा महिन्यांपेक्षा मोठा गॅप दिसला की अर्ज बाजूला काढतात. घरच्या आजारपणामुळे गॅप पडला की आणखी कशामुळे, हे विचारायला तिथे माणूसच नसतो. म्हणजे कंपनीलाही माणूस मिळत नाही, आपल्यालाही नोकरी नाही आणि दोघांना प्लॅन विकणारी साइट मजेत.

लिस्टमध्ये वर दिसण्याचा फायदा मला तरी जाणवला नाही. प्रोफाइल व्ह्यू वाढले, पण बघणाऱ्यांत अर्धेअधिक कोर्स विकणारे. काही जागा तर पुन्हा पुन्हा नव्या तारखेने वर येतात, त्यातल्या कितीतरी आतल्याच माणसासाठी ठरलेल्या असतात आणि जाहिरात फक्त नियम म्हणून (हे एचआरवालेच खाजगीत सांगतात). अशा जागेला पैसे देऊन पहिला अर्ज केला काय आणि शेवटचा केला काय.

रिक्रूटर मेसेज पण तसंच, अनोळखी माणसाला कोण उत्तर देतं. त्यापेक्षा जुन्या ऑफिसमधल्या, वर्षभर बोलणं नसलेल्या माणसाला एक मेसेज टाका. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच लिहून ठेवलंय, ओळखीतून नोकरी लागलेल्यांना त्याने विचारलं की हा माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा, तर बहुतेकांचं उत्तर कधीमधी किंवा क्वचितच. जवळच्या मित्रांना तीच माहिती असते जी आपल्याला असते. आणि ज्याची अशी ओळखच नाही, घरातला पहिलाच शिकलेला आहे, त्याचं काय? त्याला या साइटचा खरा उपयोग व्हायला हवा होता, आणि नेमकं त्याच्यासाठीच या प्लॅनमध्ये काही नाही.

दोन स्टार कशाचे? सिस्टिमला आपला रेझ्युमे कसा दिसतो ते दाखवणारा प्रिव्ह्यू आहे, तो खरंच चांगला आहे. त्यात बघून मी साधा एका कॉलमचा रेझ्युमे केला आणि कंपनीने दिलेल्या विचित्र पदनावापुढे सगळ्यांना कळेल असं नाव लिहिलं, त्यानंतर निदान माणसांचे फोन यायला लागले. पण हा प्रिव्ह्यू ट्रायलमध्येपण मिळतो, तेवढा वापरा आणि सोडून द्या. ऑटो रिन्यूअल मात्र पहिल्याच दिवशी बंद करा, बटण सेटिंगमध्ये पार तळाला लपवलंय आणि ते दाबल्यावरपण तीनदा विचारतात की नक्की का.