कोकणच्या किनाऱ्यावर तंबूतली कॉफी: फिल्टर, मोका, एरोप्रेस की ड्रिप बॅग?

कॅम्पिंगला कॉफीचं कोणतं साधन न्यावं, हे बहुतेक जण वजनावरून ठरवतात. कोकण किनाऱ्यावर वजनाचा विचार सगळ्यात शेवटी करावा. इथे चार-पाच दिवसांचं सामान पाठीवर वाहायची वेळ क्वचितच येते. दर काही किलोमीटरवर वाडी, दुकान, घरगुती खानावळ भेटते. कॉफी बिघडवतात त्या गोष्टी निराळ्या: समुद्रावरचा वारा, हवेतली ओल, वाळू, आणि भांडं विसळायला लागणारं गोडं पाणी.

म्हणून आधी दोन गोष्टी ठरवा. कॉफी दुधाची हवी की कोरी? आणि पिणारी माणसं किती? दुधाची कॉफी आणि तीन-चार माणसं असतील तर दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर, म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं. कोरी कॉफी आणि एक-दोन माणसं असतील तर एरोप्रेस, म्हणजे दट्ट्याने दाबून कॉफी गाळायची नळी. एकच रात्र काढायची असेल किंवा रेल्वेने जायचं असेल तर ड्रिप बॅग, म्हणजे कानांनी कपाच्या काठावर अडकवायची, पूड भरलेली गाळणपिशवी. बाकीची साधनं वाईट नाहीत, पण त्यांना सोयीची जागा आणि परिस्थिती लागते.

दूध असेल तर: फिल्टर आणि मोका पॉट

दुधात मिसळून चव टिकायची तर कॉफी दाट उतरायला हवी. ती देणारी साधनं दोन. फिल्टरचा मोठा गुण असा की तो शेगडीवर चढत नाही. लागतं ते फक्त उकळलेलं पाणी. रात्री जेवणानंतर डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क) लावून ठेवा, सकाळी नुसतं दूध तापवा.

दोन कपांसाठी २५ ग्रॅम पूड वरच्या भांड्यात भरा. भांडं हलकेच आपटून पूड समतल करा आणि दांडीची चकती नुसती टेकवा, दाबू नका. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून १२० मिली पाणी चकतीवर गोल फिरवत ओता आणि झाकण लावा. वीस ते तीस मिनिटांत ७० मिलीच्या आसपास डिकॉक्शन उतरतं, कारण पूड स्वतःच्या दुपटीइतकं पाणी धरून ठेवते. कपात एक भाग डिकॉक्शन, त्यावर तीन भाग गरम दूध. डिकॉक्शन पुन्हा उकळू नका, कडू होतं. रात्रभर ठेवायचं तर कोरड्या, घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या बाटलीत ठेवा आणि सकाळीच संपवा.

थेंब पडतच नसेल तर कारणं तीन: पूड फार बारीक, चकती जास्त दाबलेली, किंवा वरचं भांडं खालच्यात इतकं घट्ट बसलंय की खालच्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. आधी वरचं भांडं किंचित उचलून पुन्हा ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. उलट, पाच मिनिटांत सगळं पाणी खाली आलं तर पूड जाड आहे किंवा पाणी एकाच जागी ओतल्याने पुडीत भोक पडलंय. चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) भिजली की फुगते आणि पाणी अडवून धरते. म्हणून शुद्ध कॉफीपेक्षा कॉफी-चिकोरीचं ८०:२० किंवा ७०:३० मिश्रण या फिल्टरमध्ये जास्त भरवशाचं. भोकं तुंबली तर रिकामं, कोरडं वरचं भांडं चिमट्यात धरून तळ ज्योतीवर तापवा. अडकलेली पूड जळून जाते.

मोका पॉट शेगडीवर चढतो आणि वाफेच्या दाबाने खालचं पाणी पुडीतून वरच्या भांड्यात चढवतो. त्याची कॉफी फिल्टरपेक्षा झणझणीत आणि पाच-सात मिनिटांत तयार. तीन कपांच्या भांड्यात १५ ते १७ ग्रॅम पूड आणि झडपेच्या खालपर्यंत पाणी, म्हणजे साधारण १५० मिली. पाणी आधीच गरम घ्यावं, पूड दाबू नये, ज्योत मंद ठेवावी आणि गुरगुर सुरू होताच भांडं उतरवावं. हे घरच्या ओट्यावर सोपं आहे. किनाऱ्यावर तीन अडचणी येतात. बॅगेत मावणाऱ्या छोट्या शेगडीच्या भुजांवर मोकाचा लहान तळ नीट बसत नाही, मग भांडं डगमगतं. वाऱ्यात मंद ज्योत विझते आणि मोठी ज्योत कॉफी जाळते. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे आट्यांत किंवा रबरी वायसरखाली वाळूचे चार कण गेले तरी वाफ कडेने निसटते आणि कॉफी वर चढतच नाही. त्यात ॲल्युमिनियमला खारी हवा मानवत नाही. ओलं भांडं बंद करून ठेवलं तर आत पांढरे डाग धरतात. गाडीने जाणार असाल, पसरट बर्नरची शेगडी असेल आणि अंगणात किंवा पडवीत मुक्काम असेल तरच मोका न्या. उघड्या पुळणीवर फिल्टरच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुधाचंही ठरवावं लागतं. कोकणातल्या उन्हाळ्यात पिशवीचं दूध फ्रिजशिवाय दुपारपर्यंतच टिकतं. त्याला पर्याय २०० मिलीचे टेट्रा पॅक. फोडेपर्यंत त्यांना फ्रिज लागत नाही, पण फोडलेला पॅक लगेच संपवावा लागतो. दूध पावडर १०० मिलीला १२ ग्रॅमच्या हिशेबाने घ्या. ती थेट उकळत्या पाण्यात टाकली की गोळे होतात, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात पेस्ट करा आणि मग पाणी वाढवत न्या. नारळाचं दूध हाताशी असतं, पण गरम, आंबटसर कॉफीत ते फाटतं. चिकोरी घातलेल्या गडद कॉफीत आणि उकळी न आणता त्यातल्या त्यात बरं जमतं.

कोरी कॉफी: एरोप्रेस आणि ड्रिप बॅग

ॲलन ॲडलर यांनी बनवलेला एरोप्रेस २००५ मध्ये बाजारात आला. प्लॅस्टिकचा असल्याने फुटत नाही, गंजत नाही. किनाऱ्यासाठी त्याचे दोन गुण मोलाचे आहेत. पहिला, धुवायला पाणी जवळजवळ लागत नाही. दट्ट्या पुढे ढकलला की चोथ्याची वडी बाहेर पडते, रबर पुसलं की झालं. दुसरा, त्याला उकळतं पाणी लागत नाही. खुद्द ॲडलर ८० अंशांच्या आसपासचं पाणी सुचवतात. म्हणजे थर्मासमधल्या पाण्यावरही चांगली कॉफी होते. ड्रिप बॅगला हे जमत नाही.

१५ ग्रॅम पूड आणि २०० मिली पाणी घ्या. पूड बारीक रव्याइतकी असावी. कागदी चकती ओली करून झाकणात बसवा, पूड घाला, पाणी ओता, दहा सेकंद ढवळा, दट्ट्या वरून जेमतेम बसवा म्हणजे गळती थांबते. दीड मिनिटाने सावकाश दाबायला लागा, तीस सेकंदांत संपवा. हवेचा फुस्स आवाज आला की थांबा. दाबताना फार जोर लागत असेल तर पूड बारीक आहे. अजिबात जोर लागत नसेल तर जाड आहे आणि कॉफी पाणचट, आंबट लागेल. कप वाळूत ठेवून कधीच दाबू नका. तो एका बाजूने रुततो आणि गरम पाणी हातावर येतं. सपाट चिरा किंवा सामानाचा कडक डबा घ्या, आणि कप जाड काठाचा. कागदी चकत्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या झिपच्या पिशवीत ठेवा.

दूध हवंच असेल तर १८ ग्रॅम पुडीला फक्त ९० मिली पाणी घ्या आणि वरून १०० मिली गरम दूध घाला. खरी मर्यादा एकच: एका वेळी एक कप. चार माणसांत शेवटच्याला पंधरा मिनिटं वाट पाहावी लागते.

ड्रिप बॅगचं कौतुक वेगळ्या कारणासाठी. प्रत्येक पुडी हवाबंद, त्यामुळे भर पावसाळ्यातही फोडेपर्यंत कॉफी ताजी राहते. दळण, मोजमाप, धुणं काहीच नाही. एका पिशवीत साधारण १० ग्रॅम पूड असते, तिला १५० मिली पाणी पुरे. आधी ३० मिली ओतून अर्धा मिनिट थांबा, मग उरलेलं तीन वेळा मिळून. कप अरुंद हवा, नाहीतर कान काठावर धरत नाहीत. आणि उंच हवा, नाहीतर पिशवीचा तळ उतरलेल्या कॉफीत बुडतो. पाण्याची धार बारीक लागते. पातेल्यातून ओताल तर कडेने पाणी निसटेल. वाऱ्यात पाणी झटपट निवतं आणि कॉफी आंबट उतरते, म्हणून पाठ वाऱ्याकडे करून आडोसा करा. दूध घालू नका, चव बुडते. प्रत्येक कपामागे चकचकीत पाकीट आणि पिशवीचा कचरा उरतो, तो परत न्यायचा.

उरलेले पर्याय

फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने चोथा तळाशी दाबायचं भांडं, नको. काचेचा तर नकोच, पण स्टीलचाही नको. जाळीत वाळू अडकते आणि चोथा धुवायला लिटरभर पाणी जातं. त्याची चव हवी असेल तर साधं पातेलं पुरतं. अर्धा लिटर पाणी उकळून उतरवा, मिनिटभर थांबा, जाड रव्याइतकी दळलेली ३० ग्रॅम कॉफी घालून एकदा ढवळा, झाकून चार मिनिटं ठेवा. वरचा थर चमच्याने मोडा, दोन चमचे गार पाणी शिंपडा म्हणजे गाळ बसतो, आणि चहाच्या गाळणीतून हळू ओता. पूड घातल्यावर उकळत ठेवणं ही नेहमीची चूक, त्यानेच काढा होतो. पाच-सहा जणांसाठी याहून स्वस्त आणि सोपा मार्ग नाही.

इन्स्टंट कॉफीला नाक मुरडू नये. घाईत, अंधारात, पावसात ती वाईट जमलेल्या फिल्टरपेक्षा खात्रीने बरी. फक्त बाटली नेऊ नका. दोन-तीनदा उघडली की खाऱ्या हवेने तिचा दगड होतो. एकेका कपाच्या पुड्या कोकणातल्या कुठल्याही वाडीच्या दुकानात मिळतात. पूड, साखर आणि चमचाभर पाणी रंग फिका होईपर्यंत फेटून वर गरम दूध ओतलं की कप बराच सुधारतो.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गरम काहीच नको वाटतं. तेव्हा ५० ग्रॅम जाड पूड मलमलच्या पुरचुंडीत बांधून ४०० मिली पिण्याच्या पाण्यात रात्री घाला. फ्रिजमध्ये याला बारा-सोळा तास लागतात. इथल्या उबेत आठ-दहा तासांत होतं, त्याहून जास्त ठेवलं तर तुरट होतं. एक भाग हा अर्क, दोन भाग शहाळ्याचं पाणी. साखर लागत नाही, शेगडी लागत नाही. मात्र बर्फ किंवा फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

वारा, इंधन आणि पाणी

पहाटे मतलई वारे जमिनीकडून हलके वाहतात, दिवस चढला की समुद्रावरून खारे वारे सुटतात. सकाळची कॉफी म्हणूनच सोपी जाते, आणि चारच्या कॉफीला दुप्पट गॅस जाऊ शकतो. आडोसा करताना गॅसचा डबा पत्र्याने चहूबाजूंनी वेढू नका. डबा तापून फुटण्याचा धोका असतो. वाऱ्याची एकच बाजू अडवा. कोकणात थंडीने गॅस अडत नाही, त्यामुळे हिवाळी मिश्रणाचे महाग डबे घेण्याची गरज नाही, साधा ब्युटेन चालतो. रेल्वेच्या डब्यात मात्र गॅस न्यायला कायद्याने मनाई आहे. कोकण रेल्वेने जाणार असाल तर थर्मास, एरोप्रेस किंवा ड्रिप बॅग न्या आणि गरम पाणी मुक्कामाच्या घरी मागा.

करवंट्या आणि नारळाच्या सोडणांवरची चूल छान पेटते, पण सुरूच्या बनात पेटवू नका. खालचा वाळलेला पाला क्षणात आग धरतो. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात रात्री पुळणीवर जाळ आणि दिवे दोन्ही टाळा. उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

पाण्याचं तापमान हा इथला वेगळा मुद्दा. हिमालयातल्या कॅम्पसाठी सांगितलेल्या कृतींत पाणी उकळताच ओतायला सांगतात, कारण ३,००० मीटरवर ते ९० अंशांच्या आसपासच उकळतं. समुद्रकाठी ते पूर्ण १०० अंशांना उकळतं. गडद भाजलेली कॉफी त्यात करपट लागते. उतरवून मिनिटभर थांबा.

पुळणीलगतच्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं, आणि कुठल्याही साधनाने त्याची चांगली कॉफी होत नाही. आधी घोटभर पिऊन बघा. खारट झाक लागली तर कॉफीपुरतं पाणी गावातून भरून आणा आणि विहिरीचं विसळायला वापरा.

पूड घरूनच न्या. माटुंग्याला किंवा पुण्यात दळून घेताना साधनाचं नाव सांगा, कारण फिल्टरसाठी दळलेली पूड पातेल्यात गाळ करते आणि ड्रिपमध्ये तुंबते. एका वेळेला लागेल तेवढ्याच्या पुड्या घरीच बांधा: फिल्टरसाठी २५ ग्रॅम, एरोप्रेससाठी १५ ग्रॅम. मलबारी मॉन्सून्ड कॉफीचे हिरवे दाणे याच पावसाळी वाऱ्यात मुद्दाम फुगवतात, त्याने आंबटपणा जातो. भाजून दळलेल्या पुडीला मात्र तोच वारा दोन दिवसांत निर्जीव करतो. हातचक्की नेणार असाल तर ती कधी धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडा. पोलादी दात्यांवर खाऱ्या हवेत पाणी राहिलं की गंज धरायला एक रात्र पुरते.