पीबीटी म्हणून एबीएस, रिफंड म्हणून आणखी एक पेमेंट

आधीच सांगतो, कीबोर्डची बटणं ऑनलाइन मागवण्यात गेलेली रक्कम फार मोठी नाही. दोन्ही वेळचे मिळून ५,३०० रुपये. पण ते ज्या रीतीनं गेले, ती रीत अजून जोरात चालू आहे, म्हणून हे लिहायला बसलोय. आणि दिवसाचे दहा तास कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस असा गंडतो, याची लाज वाटते ती वेगळीच.

लक्ष्मीपुरीत एका छापखान्यात मी डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बिलबुकं आणि आपल्या कोल्हापुरात वर्षभर न थांबणारे वाढदिवसाचे डिजिटल फलक. गेल्या दिवाळीत हौसेनं मेकॅनिकल कीबोर्ड (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला) घेतला आणि मग त्याची बटणं, म्हणजे कीकॅप्स बदलायचा नाद लागला. इन्स्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची बटणांची मांडणी, बोटांत बसलेली असल्यानं बटणांवर अक्षरं असली काय, नसली काय, मला सारखंच. रंगीत सेट बाहेरून मागवायचे तर खिसा रिकामा होतो. त्यापेक्षा कोरा पांढरा सेट घ्यायचा आणि घरीच मरून रंगवायचा, असं ठरवलं. पांढराच का, तर रंगवून बटण गडद करता येतं, फिकं करता येत नाही.

इथं थोडं प्लॅस्टिकबद्दल सांगावं लागेल, कारण सगळी मेख तिथंच आहे. कीकॅप्स मुख्यतः दोन प्लॅस्टिकच्या येतात. एबीएस स्वस्त, आणि बोटं लागून लागून काही महिन्यांत तेलकट चकाकायला लागतं. पीबीटी महाग. ती पॉलिस्टरचीच एक जात, शर्टाच्या टेरिकॉटमधल्या धाग्याची चुलत बहीण म्हणा. म्हणून पॉलिस्टरचा रंग ती गरम पाण्यात धरते, आणि वितळायला तिला २२० अंशांच्या वर जावं लागतं. एबीएसचं तसं नाही. ते १०५ अंशांच्या आसपास नरम पडतं. उकळतं पाणी तिथून किती लांब राहिलं? त्यात साच्यातून घाईघाईनं थंड करून काढलेला माल असेल, तर त्याच्या अंगात ताण दबून राहिलेला असतो, आणि गरम पाण्यात तो मोकळा होतो.

हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणूनच मी विक्रेत्याला सरळ विचारलं, "पीबीटीच आहे ना, खात्रीनं?" विक्रेता म्हणजे सोशल मीडियावरचं एक पेज, पुढची बोलणी व्हॉट्सॲपवर. बोलणं एकदम गोड. "दादा, खात्री काय, व्हिडिओच पाठवतो." दोन मिनिटांत व्हिडिओ आला. काचेचा ग्लास, त्यात पाणी, वरून एक पांढरं बटण सोडलं, ते डुबुक करून तळाला. खाली मजकूर: "एबीएस तरंगतं, पीबीटी बुडतं. ओरिजिनल." पाण्यात टाकून ओळखायची परीक्षा असते, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. अर्धवट वाचलेलं होतं. पटलं. कोरा सेट २,२०० रुपये आणि त्यांचाच 'खास कीकॅप रंगाचा किट' ४५० रुपये, असे २,६५० रुपये यूपीआयनं आगाऊ पाठवून मोकळा झालो. पोचल्यावर पैसे देतो म्हटलं, तर "दादा, मग आठ दिवस थांबावं लागेल, दोनच सेट राहिलेत."

पार्सल आलं मात्र वेळेवर. म्हणून तर संशय आला नाही.

रविवारी आई अंबाबाईला गेली होती. ती संधी साधून मी मोठं पातेलं घेतलं. (स्वयंपाकाचं भांडं रंगाला वापरू नये, हेही मला माहीत होतं. त्या दिवशी मला सगळंच माहीत होतं.) पुडीवर लिहिल्याप्रमाणे पाणी खळखळ उकळवलं, पूड घातली, दोन चमचे मीठ घातलं, बटणं सोडली, वीस मिनिटं ढवळत राहिलो. पाणी असं लालभडक दिसत होतं की मनातल्या मनात फोटोसुद्धा काढून झाले.

चाळणीत उपसली तेव्हा बटणं डाळिंब धुतलेल्या पाण्याच्या रंगाची होती, तीही डागाडागांनी. नळाखाली धरली तर तेवढाही रंग निघून गेला. मग हात स्पेसबारला लागला. ओट्यावर ठेवला, तर तो होडीसारखा डुलायला लागला, मधे खाली आणि दोन्ही टोकं वर. लांब तुकडा सगळ्यात आधी वाकडा होतो, त्यातही पातेल्याच्या तापलेल्या बुडाला टेकलेला असला की बघायलाच नको. एंटरचं बटण वरून सरळ दिसत होतं. उलटं केलं, तर स्विचवर बसणारी अधिकच्या चिन्हासारखी खाच पसरलेली. कीबोर्डवर बसवलं की खुळखुळायचं, कीबोर्ड तिरका केला की गळून पडायचं. ८७ बटणांतली धड किती राहिली ते मोजायचं मी सोडून दिलं.

आईनं येऊन पातेल्यात डोकावलं. म्हणाली, "तांबडा करायला गेलास आणि पांढराच राहिला की रे." पातेल्याबद्दल काय म्हणाली, ते इथं लिहीत नाही.

संध्याकाळी मामा आले. ते इचलकरंजीला एका प्रोसेस हाऊसमध्ये तीस वर्षं कापड रंगवायच्या खात्यात होते. बटणं हातात घेऊन म्हणाले, "काय रे भाच्या, हे काय उकडून आणलंस?" मी पुडी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली आणि 'मीठ'वर बोट ठेवलं.

"मीठ घालाय सांगितलंय व्हय? मग ह्यो सुती कापडाचा रंग. पॉलिस्टरला ह्यो बसायचा न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सुती धाग्यावर रंग चढायला मीठ मदत करतं, म्हणून कापडाच्या घरगुती पुड्यांवर ते लिहिलेलं असतं. पॉलिस्टरला लागतो तो डिस्पर्स रंग. तो पाण्यात विरघळत नाही, बारीक कण होऊन तरंगत राहतो आणि उष्णतेनं सैल झालेल्या धाग्यात शिरतो. त्याला मीठ नको, किंचित आंबट पाणी हवं. त्यांच्याकडं त्यासाठी ॲसिटिक ॲसिड घालायचे आणि बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत न्यायचे. पीबीटी त्या मानानं सोपी, उकळीच्या आतच रंग घेते. थोडक्यात, माझा सेट खरा पीबीटीचा असता तरी त्या पुडीनं तो रंगलाच नसता. ४५० रुपयांना मला महाद्वार रोडवर कुठल्याही दुकानात मिळणारी कापडाच्या रंगाची पुडी चंदेरी पाकिटात घालून विकली होती.

"आणि बटणं पाण्यात बुडली होती," मी म्हटलं.

"कसल्या पाण्यात?"

त्या प्रश्नावर मी गप्पच झालो. रात्री नीट वाचलं. एबीएसची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त, साधारण १.०५. पीबीटीची १.३१. म्हणजे साध्या पाण्यात दोन्ही बुडतात! परीक्षा मिठाच्या पाण्याची असते. मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत गेलं की पाण्याची घनता १.२ च्या आसपास जाते. त्यात एबीएस वर येतं, पीबीटी तळाशीच राहते. मी ग्लास भरला, मीठ ढवळलं, बटण आडवं बुडवून पोकळीतली हवा नीट काढून टाकली (नाहीतर हवेनं पीबीटीसुद्धा तरंगेल आणि चांगल्या माणसावर आळ यायचा). सोडलं. सावकाश वर आलं आणि तरंगत राहिलं. आणखी खात्री म्हणून बटणाच्या आतल्या कडेला ॲसिटोनचा कापसाचा बोळा लावला. कड चिकट झाली. पीबीटीला ॲसिटोननं असं काही होत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर त्यात ॲसिटोन आहे ना, ते बघा. बिनॲसिटोनचंही मिळतं.

दहा रुपयांचं मीठ आणि एक ग्लास. पार्सल फोडल्याफोडल्या एका बटणावर हे केलं असतं, तर सेट जसाच्या तसा परत पाठवता आला असता. उकडलेला माल परत कोण घेतो?

तरी सोमवारी फोटो पाठवले, जरा कडक भाषेत. भांडण होईल असं वाटलं होतं. उलट लगेच उत्तर: "दादा, चुकून दुसऱ्या लॉटचा माल गेला. पूर्ण पैसे परत करतो." इथं मी विरघळलोच. दुपारी बाराचा सुमार, समोर पत्रिकेचं प्रूफ बघायला नवरीचे वडील आणि काका उभे, 'चि. सौ. कां.' की नुसतं 'चि.' यावर त्यांचा वाद चाललेला, आणि तेवढ्यात फोन. "दादा, क्यूआर पाठवलाय. स्कॅन करा, पिन टाका, २,६५० लगेच जमा." मी एका डोळ्यानं प्रूफ बघत स्कॅन केलं, पिन टाकला. स्क्रीनवर पैसे देत असल्याचं स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं ते फक्त आकडा.

पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन फक्त द्यायला लागतो. बँकेचे हे मेसेज मी स्वतः आईला वाचून दाखवलेत.

पुढच्या चुका पटकन सांगतो. रागाच्या भरात त्याच्यासोबतचं चॅट मी डिलीट केलं. लाजेपोटी कुणाला बोललो नाही आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर आणि वेळ. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, मी चोवीस तास घालवले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, पोचक्रमांक मिळाला. चॅट नसल्यानं बँकेच्या नोंदी, चंदेरी पाकीट आणि गॅलरीत राहिलेला तो व्हिडिओ, एवढंच जोडता आलं. खोट्या मालाबद्दल ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला कळवलं, तर तिथं विक्रेत्याचं बिल मागितलं. बिल मी घेतलंच नव्हतं. रोज दुसऱ्यांची बिलबुकं छापतो.

तक्रारीची स्थिती अजून 'प्रक्रियेत' आहे. पातेलं परसात गेलंय, कढीपत्त्याला पाणी घालायला.

गेल्या आठवड्यात छापखान्यातल्या पोरानं एक जाहिरात दाखवली, "बघा की, तुमच्या कामाचं दिसतंय." पेजचं नाव नवीन, किंमत शंभरानं कमी. व्हिडिओ मात्र तोच. तोच ग्लास, साधं पाणी, आणि तळाशी जाऊन बसलेलं पांढरं बटण.