जॅकेट की विंग? वर आल्यावर तोंड पाण्याबाहेर कशात राहतं

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र एका रात्रीच्या प्रवासापेक्षा जवळ नाही. म्हणून आपल्याकडचा डायव्हर वर्षात जेमतेम दोन फेऱ्या मारतो: एक मालवण-तारकर्ली, जमलं तर एक अंदमान. बीसीडी, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळायचं अंगावरचं साधन, निवडताना हे आधी लक्षात घ्या. जॅकेट आणि विंग हे तिचे दोन प्रकार. पाण्याखाली जॅकेट आणि विंग दोन्ही निभावतात. फरक कळतो वर आल्यावर, बोट वळून येईपर्यंत.

जॅकेटमध्ये हवा पाठीशी भरते, तशी दोन्ही कुशींतही. बटण दाबलं की माणूस उभ्याचा उभा, हनुवटी पाण्यावर. डोकं चालवावं लागत नाही, आणि दमलेल्या माणसाला तेच हवं असतं. त्रास म्हणजे पूर्ण फुगवलं की बरगड्या आवळतात, आणि माप ढिलं असेल तर सगळं वर सरकून कानाशी येतं. भाड्याच्या जॅकेटात हे हमखास.

विंगची हवा सगळी पाठीमागे. छाती मोकळी, आणि खाली आडवं पोहायला याच्यासारखं सुख नाही. पण पहिल्यांदा विंग घातली तेव्हा मी वर येऊन जॅकेटच्या सवयीने ती तुडुंब फुगवली आणि पालथा झालो. लाटा थेट तोंडावर, बोटीवरची मंडळी हसतायत. दोष निम्मा माझाच होता. शिशाची सगळी वजनं कमरेला पुढे बांधलेली, वर ॲल्युमिनियमचा सिलिंडर. तो भरलेला असताना किंचित बुडतो, हवा संपत आली की दीड-पावणेदोन किलोच्या जोराने वर येऊ पाहतो. पाठीवर हवा, पाठीवर हलका झालेला सिलिंडर, पोटावर शिसं. मग माणूस पालथा नाही होणार तर काय होणार!

तेव्हापासून एक-दोन किलो मागे, सिलिंडरच्या पट्ट्यावर लावतो. मांड्यांमधला पट्टा नीट ओढतो. हवा तोंड वर राहील एवढीच भरतो आणि आरामखुर्चीत रेलावं तसा मागे रेलतो, पाय पुढे. शांत पाण्यात हे मला जॅकेटपेक्षा सुखाचं वाटतं. लाटा उठल्या की मात्र अजूनही जॅकेट आठवतं.

सामानाचंही बघा. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो नेता येतं, आणि विंग जिला जोडतात ती पाठीवरची स्टीलची पाटी एकटीच त्यातले दोन-तीन किलो खाते.

माझं मत विचाराल तर वर्षाला दहाच्या आत डाइव्ह होत असतील तर बीसीडी घेऊच नका. भाड्याचं जॅकेट घ्या, पण एक माप लहान घालून बघायचा हट्ट धरा, आणि वाचलेले पैसे चांगल्या मास्कवर घाला. दहाच्या पुढे गेलात आणि वजनं जागच्या जागी लावायचा कंटाळा नसेल, तर विंग.

विकत घेण्याआधी कोणाची तरी उधार मागून स्विमिंग पूलमध्ये उतरा, सिलिंडरमधला दाब ५० बारपर्यंत, म्हणजे हवा संपत येईपर्यंत, उतरू द्या आणि दहा मिनिटं नुसते तरंगा. पालथे होताय की नाही, ते गोड्या पाण्यातही कळतं. वजनाचा आकडा मात्र तिथून उचलू नका. समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे सामानासकट १०० किलो भरणाऱ्याला तिथे अडीच किलो शिसं जास्त लागतं.