स्विंडनच्या चॅरिटी दुकानांतून आणलेल्या वस्तू: डिचोलीतल्या एका पावसाळ्यानंतर

मार्चमध्ये मी इंग्लंडमधल्या स्विंडनहून गोव्यातल्या डिचोलीला परत आले. माझ्या मागून, एप्रिलच्या अखेरीस, समुद्रमार्गे पाठवलेल्या कार्गोच्या दोन पेट्या आल्या. त्यांतले जवळजवळ सगळे सामान तिथल्या चॅरिटी दुकानांतले होते, म्हणजे आधी दुसऱ्या कुणीतरी वापरून दान केलेले. तीन वर्षे शनिवार-शनिवार फिरून मी ते जमवले होते. आता डिसेंबर आहे. या सामानाने आमच्या घरात एक आख्खा पावसाळा, चवथ (गणेश चतुर्थी) आणि दिवाळी पाहिली. स्विंडनमध्ये आपली गोंयची माणसे खूप, आणि त्यांच्या पेट्या अजून भरणे चालूच आहे. ‘हे दिसलंय, घेऊ का गो?’ असा फोटो मला दर आठवड्याला येतो. प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा सगळे इथे लिहिते.

तिथे नव्या असलेल्यांसाठी आधी थोडे दुकानांबद्दल. चॅरिटी दुकान म्हणजे आपल्याकडचे जुन्या बाजाराचे दुकान नव्हे. लोक घरातली नको असलेली वस्तू फुकट आणून देतात, गल्ल्यावर बहुतेक वेळा बिनपगारी स्वयंसेवक असतात आणि आलेला नफा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचे ऑक्सफॅमचे दुकान १९४० च्या दशकातले आहे. आज तिथल्या बहुतेक गावांच्या मुख्य रस्त्यावर अशी चार-पाच दुकाने दिसतात. देणारा माणूस कर भरत असेल आणि त्याने तसे लिहून दिले असेल, तर त्याच्या वस्तूच्या विक्रीवर सरकार संस्थेला पौंडामागे २५ पेन्स वर देते. म्हणून तिथे घासाघीस करायची नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव न करता मिरच्यांची माळसुद्धा न घेणारी मी, तिथे पहिल्याच आठवड्यात ‘कमी करा ना’ म्हणून बसले. गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या बाईने शांतपणे कॅन्सर संशोधनाच्या डब्याकडे बोट दाखवले. त्यानंतर कधी विचारले नाही. भाव करायची हौस असेल तर रविवारी सकाळी मैदानात भरणारे कार बूट सेल आहेत, म्हणजे लोक आपल्या गाडीच्या डिकीतून जुने सामान विकतात ते, तिथे खुशाल करावा.

चांगला माल कुठे मिळतो हे कळायला मला सहा महिने लागले. स्विंडनच्या मुख्य बाजारातल्या दुकानांत कपडे जास्त, तेही आजकालच्या स्वस्त दुकानांतलेच. ओल्ड टाऊनला वूड स्ट्रीटच्या बाजूला भांडी बरी मिळतात. पण खरा फरक पडला तो बसने मार्लबराला जायला लागल्यावर. सधन, जुने गाव. तिथे घर आवरणारे लोक आजीच्या कपाटातले आख्खे सामान आणून देतात. माझे शिलाई मशीन आणि लिननचे (जवसाच्या झाडाच्या धाग्याचे) सगळे कापड तिथलेच. सोमवार-मंगळवारी जावे. शनिवार-रविवारी लोक घरे आवरतात, त्यामुळे आठवड्याच्या सुरुवातीला फळ्या भरलेल्या असतात.

आता वस्तूंकडे येते, आणि सुरुवात मशीनपासूनच करते, कारण त्याच्याइतके समाधान दुसऱ्या कशाने दिले नाही.

सिंगर ९९ के, हाताने फिरवायचे, लाकडी घुमटासारख्या झाकणासकट, २० पौंड. ‘के’ म्हणजे किलबोवी. स्कॉटलंडमध्ये क्लाइडबँकला सिंगरचा प्रचंड कारखाना होता, तो १९८० मध्ये बंद झाला. घेतले तेव्हा चाक फिरतच नव्हते. दुकानातल्या मुलाला वाटले मशीन बिघडले आहे, पण जुनी हातमशीन मी माझ्या आजोळी, साखळीला, पाहिलेली होती. तेल वर्षानुवर्षे सुकून त्याची राळ झाली की चाक असेच अडकते. रॉकेलसारख्या पातळ तेलाने सांधे धुतले, दोन दिवस तसेच ठेवले, मग मशीनचे तेल घातले. तिसऱ्या दिवशी चाक एका बोटाने फिरले. इथे आल्यावर चवथीला दारांचे पडदे, माटोळीखालच्या (गणपतीवर टांगतात त्या फळा-फुलांच्या मंडपीखालच्या) पाटाचे कापड, शेजारच्या दोघींचे ब्लाउज आणि भावजयीच्या बाळाची सगळी दुपटी त्याच्यावर शिवली. पावसात वीज चार-चार तास जाते तेव्हा त्याची किंमत कळते. टाका सरळ आणि घट्ट, एवढ्या महिन्यांत एकदाही दोरा गुंतला नाही.

दोन गोष्टी मात्र आधीच जाणून घ्या. सुई आपल्याकडच्या घरगुती मशीनचीच लागते, डिचोलीच्या बाजारात सहज मिळते. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचे छोटे रीळ, मिळत नाही. या मशीनला ६६ क्लासची बॉबिन लागते आणि आपल्याकडच्या दुकानात १५ क्लासची असते. दिसायला बहिणी, पण बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर टाका बिघडतो. मी तिथून चारच आणल्या आणि रंगीत दोऱ्यांसाठी त्या पुरत नाहीत. दुसरी गोष्ट, त्याच मॉडेलचे मोटरवालेही मिळते. ते घेऊ नका. त्या काळातल्या वायरीवरचे रबर वाळून तडकलेले असते आणि आतली तार उघडी पडते. आपल्या दमट हवेत ते धोक्याचे आहे. जुलैमध्ये सुईखालच्या पट्टीवर गंजाचे ठिपके आले होते. तेव्हापासून शिवून झाले की तेलाच्या बोळ्याने पुसते आणि मशीन झाकणाखाली न ठेवता सुती कापडाखाली ठेवते. झाकणाच्या आत दमट हवा कोंडते, आणि लाकडालाही आतून बुरशी धरते.

काचेची भांडी घ्यावीत, पण डोळसपणे. पायरेक्स या ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या भांड्यांचा इंग्लंडमधला कारखाना संडरलंडला होता, तो २००७ मध्ये बंद झाला. त्याआधीची जाड, पारदर्शक भांडी अजून दोन-तीन पौंडांना मिळतात. मी पाच आणली. आमच्याकडे रोज आमसुले. सोलकढी, हुमणासाठी (माशांच्या आमटीसाठी) भिजवलेली सोले, आगळ (कोकमाचा रस), हे सगळे ॲल्युमिनियमला खाते, आणि स्टीलमध्ये आगळाचा रंग डोळ्यांना दिसतही नाही. काचेत सोलकढी दुसऱ्या दिवशी पहिल्याइतकीच गुलाबी राहते. मीठ-हळद लावलेले सुंगट (कोळंबी) काचेत ठेवले की वासही राहत नाही. पाचातले एक फुटले, आणि ती माझी चूक. ऑगस्टमध्ये ओव्हनमधून काढलेले गरम भांडे ओल्या ओट्यावर टेकवले आणि त्याचे दोन तुकडे झाले. गरम काच ओल्या दगडावर ठेवायची नाही आणि गॅसच्या ज्योतीवर तर मुळीच नाही. बाहेरून जुन्या रंगाची नक्षी असलेली भांडी मी घेतली नाहीत, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. तुम्हीही खाण्याचे पदार्थ त्यांत ठेवू नका.

बिडाची एक कढई आणली, इनॅमल नसलेली, ६ पौंड. ती उत्तम चालते, पण पावसाळ्यात रोज तेलाचा हात लागतो. तेवढे जमत नसेल तर आणू नका, वजनाचे पैसे वाया जातील.

आता लिनन. ही खरेदी मला आधी किरकोळ वाटली होती. टेबलक्लॉथ, भांडी पुसायची फडकी, दोन पलंगपोस, सगळे मिळून १५ पौंडांत. कुणाच्या तरी आजीने कोपऱ्यात नावाची अक्षरे भरलेली. गोव्यात पावसाळ्याचे सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. जूनच्या मध्यापासून आमच्या माडीवर दोरीवर टाकलेला सुती टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओला असतो आणि त्याला कुबट वास येतो. लिननचे फडके पाणी पटकन शोषते आणि पंख्याखाली संध्याकाळपर्यंत वाळते. शंभर वेळा धुऊन ते आधीच इतके मऊ झालेले होते की नव्या लिननचा ताठरपणा त्यात नव्हता. पुन्हा संधी मिळाली तर आख्खी पेटी लिननची भरेन.

या लिननवरूनच घरात पहिला वाद झाला. सासूबाईंनी पलंगपोसांना हात लावायला नकार दिला. ‘कुणाच्या अंगाखालचे कोण जाणे,’ असे म्हणाल्या. वापरलेला कपडा घरात आणणे त्यांच्या लेखी कमीपणाचे होते, आणि त्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यांच्या लहानपणी दुसऱ्याचा जुना कपडा घालावा लागणे म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभे राहणे होते. मी वाद घातला नाही. पलंगपोस गरम पाण्यात सोडा घालून धुतले, मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस वाळवले आणि आमच्या खोलीत घातले. मग एका दुपारी मीच त्यांना विचारले, देवळात पावणी होते तेव्हा देवीला नेसवलेली साडी आपण बोली लावून घेतो, ती काय नवी असते? तिथे तर आपण भाव वर चढवतो, कारण पैसा देवळाला जातो. त्या दुकानांत तसेच आहे. कुणीतरी दिलेले, पैसे चांगल्या कामाला, आणि घेणाऱ्याने भाव पाडायचा नाही. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. ‘देवीची साडी वेगळी,’ एवढेच बोलल्या. ते खरेही आहे. पण जुलैमध्ये, त्यांचे पांघरूण चार दिवस वाळेना तेव्हा, त्यांनी स्वतःहून एक पलंगपोस मागून घेतला. आता तो त्यांच्याच पेटीत घडी घालून असतो. देवघरात मात्र त्यातले काही वापरायचे नाही हे मी मानते आणि मनापासून पाळते.

लोकरीचे ब्लँकेट विटनीचे, ६ पौंड. विटनी हे ऑक्सफर्डजवळचे गाव शेकडो वर्षे ब्लँकेटसाठीच ओळखले जायचे, तिथली शेवटची गिरणी २००२ मध्ये बंद झाली. वस्तू अप्रतिम आहे, पण आपल्याकडे तिचे काम डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्रींचे. बाकी दहा महिने तिला सांभाळायचे, कसर लागू द्यायची नाही, ओल धरू द्यायची नाही. मी कडुनिंबाचा वाळका पाला घालून सुती पिशवीत ठेवले होते आणि ऑक्टोबरचे कडक ऊन दाखवले. वाचले. म्हाताऱ्या माणसांसाठी एक आणावे, जास्त नकोत. लोकरीचे कोट तर कुणी आणूच नयेत.

आता नुकसानीबद्दल. दोन जोड चांगल्या कंपनीचे चालायचे बूट, जवळजवळ न वापरलेले, ८ आणि १० पौंडांचे. ऑगस्टमध्ये एक जोड घालून बाजारात गेले आणि परत येईपर्यंत बुटांचा तळ खडूसारखा भुगा होऊन गळून पडला. दुसऱ्या जोडाचा तसाच, नुसत्या पेटीत. चपला शिवणाऱ्या मेस्त्रीने पाहताच सांगितले, हे शिवून होणार नाही. अशा बुटांचा तळ पॉलीयुरेथेनचा असतो आणि हवेतली ओल त्याला हळूहळू आतून तोडते. म्हणून ‘न वापरलेले पण जुने’ बूट सगळ्यांत वाईट. वर्षानुवर्षे कपाटात पडून तळ आधीच कमजोर झालेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. तीच गोष्ट चामड्यासारख्या दिसणाऱ्या पर्सची. दोन्ही पर्सचा वरचा थर सप्टेंबरपर्यंत पापुद्रे निघून गेला. खऱ्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी आली, पण पुसून, तेल लावून तो आजही नीट आहे.

विजेच्या वस्तूंबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते. विजेचा दाब आणि वारंवारता तिथे आणि इथे सारखीच, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही. वेगळा असतो तो प्लग. तिथल्या चौकोनी पायांच्या प्लगच्या आतच फ्यूज असतो. तो कापून आपला तीन पायांचा प्लग लावला की ते संरक्षण जाते, म्हणून त्या वस्तूला वेगळा फ्यूज किंवा योग्य एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे बटण) हवा. वायरमनला रंग सांगा: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. आमच्या वायरमनला लाल-काळ्याची सवय, मी शेजारी उभी राहून करून घेतले. अर्थिंगची तार कुणी ‘नको ती’ म्हणून कापत असेल तर त्याला काम देऊ नका. मी एक जुना, जड कणीक मळायचा मिक्सर आणला, दुकानाची तपासणीची हिरवी चिठ्ठी लावलेला. दोन महिन्यांनी त्यातून धूर आला. उघडल्यावर कळले की आतला कपॅसिटर म्हातारा होऊन फुटला होता. म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याने तेवढा बदलला आणि चवथीच्या नेवऱ्यांचे पीठ त्याच्यावरच मळले. तपासणी त्या दिवसाची असते, वस्तूच्या वयाची नसते. वीस-तीस वर्षे जुनी मोटर घेतलीत तर कपॅसिटर इथे आल्या-आल्या बदलून घ्या, धुराची वाट पाहू नका.

सगळा हिशेब केला तर पेट्यांतल्या सामानाचे १४० पौंडांच्या आसपास झाले. फुकट गेले ते बूट आणि पर्स, साधारण ३० पौंड. कार्गोत सगळ्यात जास्त पैसे मशीन आणि कढईच्या वजनाचे गेले, आणि तरीही मशीन मला परवडले.

मी आता इंग्लंडला राहायला परत जाणार नाही, पण हे फेब्रुवारीत सुट्टीवर येत आहेत. काल फोनवर यादी सांगितली: ६६ क्लासच्या बॉबिन डझनभर, मार्लबराला गेलात तर लिननची फडकी मिळतील तेवढी, आणि सासूबाईंनी मागून सांगायला लावले म्हणून, तसलाच आणखी एक पलंगपोस, कोपऱ्यात अक्षरे भरलेला.