घोडे उत्तम, कठड्यावरचे पालक अवघड (रायडिंग क्लब, पुण्याजवळ)

मुलगी आठवीत आहे, इथेच शिकते. घोड्यांची निगा खरंच चांगली. पाठीला खोगिराचे व्रण नाहीत, खूर रोज साफ होतात. बसण्याआधी खरारा मुलांनीच करायचा, हा नियम मला फार आवडला. सरांपेक्षा मोतद्दार काका जास्त शिकवतात: तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा.

डोक्याला ताप आहे तो शो जंपिंगच्या, म्हणजे घोड्यासकट अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, बॅचचा. अडथळ्याचा दांडा पडला की ४ पेनल्टी, घोडा पहिल्यांदा अडला तरी ४. हे गणित कठड्याला टेकलेल्या प्रत्येक बापाला पाठ! एकाने तर पोरगा खाली उतरायच्या आतच सुनावलं, "या घोड्याचा महिन्याचा खर्च माहितीय का तुला?" पोरगा घोड्याची मान थोपटत राहिला. दोघी चुलतबहिणी एकमेकींशी बोलत नाहीत, कारण आजोबांनी घोडा एकीलाच घेऊन दिला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या ड्रेसाज (घोड्याकडून नेमक्या, तालबद्ध चाली करून घ्यायचा प्रकार) संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून तर विचारूच नका, इथल्या प्रत्येक घरात पुढचा हृदय तयार होतोय.

सरही स्वतःचा घोडा असलेल्यांना आधी घेतात, क्लबच्या घोड्यावरच्यांना उरलेला वेळ. फी मात्र पूर्ण. हे पटत नाही, तोंडावर सांगितलंय.

तरी पाठवा. सकाळची बॅच घ्या, पालक कमी असतात. हेल्मेट घरून न्या, तिथली घामट असतात.