ओपनरिफाइन: फुकट आहे, कामाचंही आहे, पण ‘ऱ्य’ सांभाळा

ओपनरिफाइन म्हणजे अस्ताव्यस्त याद्या साफ करायचं सॉफ्टवेअर. कोहा या वाचनालयाच्या सॉफ्टवेअरमधून मार्क फाइल (पुस्तकांच्या नोंदींची) काढायची कशी, मार्कएडिट या नोंदी बदलायच्या सॉफ्टवेअरमधून ती ओपनरिफाइनमध्ये न्यायची कशी, हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यात शिरत नाही. आमचं नागपुरातलं सार्वजनिक वाचनालय, ‘ब’ वर्गाचं. अनुदान किती आणि कधी येतं हे या कामातल्यांना सांगायला नको. दिवाळीनंतर हे वापरायला घेतलं, आता कूलर बाहेर काढायची वेळ झाली.

घेतलं ते रागाने. ज्या एजन्सीने आमचा जुन्या फॉन्टमधला कॅटलॉग युनिकोडमध्ये करून दिला, तिनेच पुढे ‘डेटा क्लीनिंग’चा नोंदीमागे वेगळा दर सांगितला. घाण यांनी करायची अन् झाडायचे पैसे आपण द्यायचे!

सुरुवातीला खूश होतो. क्लस्टरिंगची, म्हणजे सारख्या वाटणाऱ्या नोंदी एकत्र आणायची, ‘फिंगरप्रिंट’ पद्धत विरामचिन्हं काढून टाकते आणि शब्द क्रमाने लावते, त्यामुळे ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ आपोआप एकत्र येतात. मग लक्षात आलं की टिंबानंतर जागा न सोडलेले ‘वि.वा. शिरवाडकर’ बाहेरच राहतात. टिंब गेलं की उरतं ‘विवा’, आणि मशीनला तो वेगळाच माणूस वाटतो. आधी प्रत्येक टिंबापुढे जागा घालून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

किती अक्षरांचा फरक आहे हे मोजणारी लेव्हेनश्टाइन पद्धत ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ बरोबर पकडते. पण आडनाव एकच आणि पुढे विजय नि विजया असेल, तर तीही जोडी समोर आणते. ‘सिलेक्ट ऑल’ दाबून चहाला जाणाऱ्यांनी या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. मेटाफोन वगैरे उच्चारावर चालणाऱ्या पद्धती मराठीसाठी नाहीतच, सोडून द्या.

आता माझं खरं दुखणं. एक काका काउंटरवर येऊन म्हणाले, “पुस्तक तिकडे रॅकवर दिसून राहिलं अन् तुमचा कॉम्प्युटर नाही म्हणते, काहून?” लेखकाचं आडनाव कऱ्हाडे. मी शोधलं तर सापडलं, त्यांनी शोधलं तर नाही. दोन्ही स्क्रीनवर अक्षर हुबेहूब तेच. शेवटी ओपनरिफाइनमध्ये त्या खान्यावर value.unicode() चालवलं, ते प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दाखवतं. एका नोंदीत निघालं 2353, 2381. दुसरीत 2352, 2381, 8205. म्हणजे एकीकडे सरळ ‘ऱ’ला हलन्त, दुसरीकडे साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडचिन्हाचा कोड. डोळ्याला एक, मशीनला दोन. जिथे म्हणून ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ होता, तिथे तिथे ही फाळणी. एजन्सीच्या दोन ऑपरेटरांनी दोन कीबोर्ड वापरले असणार, दुसरं काय!

तक्रार केल्यावर एजन्सीच्या मुलाने काय करावं? “सर, हिडन कॅरेक्टर उडवून देतो.” दिले उडवून. ‘साऱ्या’चं ‘सार्या’ झालं, ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यातला फरकच संपला. स्वयंपाकी आणि गुरुजी एका ओळीत! नशीब, आदल्या आठवड्याचा बॅकअप वाचनालयातल्या मॅडमनी पेन ड्राइव्हवर ठेवला होता.

योग्य क्रम असा: आधी ‘र’, हलन्त आणि 8205 या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घाला, मग उरलेले 8205 काढा. उरलेल्यांनी अर्थ बिघडत नाही, फार तर जोडाक्षराचा आकार बदलतो. हे ओपनरिफाइन स्वतःहून करत नाही, सुचवतही नाही. तेव्हा मी याला दोनच तारे देणार होतो.

मत बदललं ते अनडू-रीडूच्या यादीमुळे. केलेली प्रत्येक पायरी तिथे राहते, आणि ती यादी जेसन (साध्या मजकुराच्या) स्वरूपात काढून दुसऱ्या फाइलवर जशीच्या तशी चालवता येते. ‘ऱ्य’ची दुरुस्ती एकदा बसवली, आता नव्या खरेदीच्या याद्या आल्या की चिकटवायची आणि चालवायची. एजन्सी याचेच पैसे दर वेळी मागत होती. फुकटचं किती दिवस टिकेल अशी मॅडमना शंका होती, पण एकेकाळी हे गूगलकडे होतं, गूगलने 2012 मध्ये अंग काढून घेतलं तरी हे चालूच आहे.

सालाच्या रकान्यावर फॅसेट लावून (कोणतं मूल्य किती वेळा आलंय त्याची यादी) बघाच. आमच्याकडे 1901 सालची पुस्तकं निघाली. वाटलं, दुर्मीळ खजिना! एक कपाटातून काढलं तर प्रकाशकाच्या पत्त्यात पिनकोड 440010. पिनकोड सुरू झाले 1972 मध्ये. तो शके 1901 होता, म्हणजे 1979. एंट्री करणाऱ्याने ‘शके’ गाळून नुसता आकडा मारला होता. अशी जुनी दिसणारी पुस्तकं हातात घेऊनच तपासावी लागली, सरसकट 78 मिळवून चालत नाही, कारण काही खरोखर जुनी असतात.

टोपणनावांसाठी याचा उपयोग शून्य. ग्रेस म्हणजेच माणिक गोडघाटे हे नागपुरात कुणीही सांगेल, क्लस्टरिंग नाही सांगणार. ते कोहाच्या ऑथॉरिटी नोंदीत (लेखकाच्या प्रमाण नावाची नोंद) हातानेच जोडा.

चार तारे. लॅपटॉपमध्ये मेमरी शिल्लक असेल तर सेटिंगच्या आयएनआय फाइलमधली 1024 एमबी मेमरीची मर्यादा वाढवून घ्या, नाहीतर मोठ्या फाइलवर जाम रखडतं. आणि कोहात परत चढवताना मार्कच्या 999 या रकान्यातला कोहाचा नोंद क्रमांक जुळवायचा नियम लावा, नाहीतर प्रत्येक पुस्तकाची दुसरी नोंद तयार होते आणि मग ती मर्ज करत बसा.